गावातला धंदा वाढवायचाय? मग आधी ठरवा, नेमकं कोणतं "नवीन" करायचं

हे लिहितोय ते आपल्या इकडच्या नवीन धंदेवाल्यांसाठी. म्हणजे ज्यांनी गावात मिनी डाळमिल टाकलीय, मिरची-हळदीचं कांडप चालवतात, लाकडी घाणा लावलाय, जवसाची चटणी नाहीतर पापड-कुरड्या विकतात, दुधाचं पनीर करून तालुक्याला पाठवतात असे सगळे. धंदा सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली, घर चालतंय, पण गाडी पुढं सरकत नाही. मग जो भेटतो तो सांगतो, काहीतरी नवीन करा भौ. अन् माणूस उठतो, नवीन मशीन घेतो किंवा आणखी चार वस्तू काढतो, आणि वर्षाच्या शेवटी गल्ला तेवढाच, वरून कर्जाचा हप्ता. असं काहून होतं? तर "नवीन"चे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक प्रकार धंद्यातली वेगळी गोष्ट वाढवतो, हे आपल्याला कोणी नीट सांगतच नाही. माझं मत सरळ आहे, गावातल्या छोट्या धंद्यानं नवीन वस्तू सगळ्यात आधी काढू नये, आधी कामाची पद्धत सुधारावी, बाकीचं त्याच्यानंतर. का ते खाली हिशेबासकट सांगतो.

पायरी १: वाढ म्हणजे कोणता आकडा ते ठरवा

"धंदा वाढला पाहिजे" असं सगळेच म्हणतात, पण एक जण म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात विक्री असते, दुसऱ्याच्या डोक्यात हातात उरणारा पैसा असतो, आणि बचत गटाच्या ताईंना विचारलं तर त्या म्हणतील आमच्या बायांना वर्षातले जास्त दिवस काम मिळालं पाहिजे. हे तीन वेगळे आकडे आहेत, एक वाढला की बाकीचे आपोआप वाढतात असं अजिबात नाही. विक्री दुप्पट होऊन नफा तेवढाच राहिलेले धंदे तुम्ही पण पाहिले असतील.

म्हणून एक वही करा (मोबाईलवर नको, वहीच करा, घरातलं दुसरं कोणी पण लिहू शकतं) आणि त्यात रोजची विक्री, रोजचा खर्च, उधारी किती गेली किती आली, आणि किती माणसं किती तास कामाला होती एवढंच लिहा. तीन महिने तरी. आपल्या इकडं पैसा एकसारखा येत नाही, सोयाबीन-कापूस विकला की कास्तकाराच्या हातात पैसा असतो आणि पेरणीच्या वेळी त्याचा खिसा रिकामा, म्हणून मागच्या महिन्याशी तुलना करून काही कळत नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची.

पायरी २: "नवीन"चे प्रकार समजून घ्या

ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी १९११ मध्येच पाच प्रकार मांडले होते: नवीन वस्तू, बनवायची नवीन पद्धत, नवीन बाजार, कच्च्या मालाचा नवीन स्रोत, आणि धंद्याची नवीन घडण. पुढं ओईसीडी नावाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००५ मध्ये मोजणीसाठी चार प्रकार धरले, वस्तू, पद्धत, विक्री आणि संघटन, आणि २०१८ मध्ये ते दोनवर आणले, एक वस्तू किंवा सेवा आणि दुसरा धंद्याची प्रक्रिया, म्हणजे बाकीचं सगळं दुसऱ्यात. आपल्यासाठी चारच बरे, कारण चौघांचा परिणाम वेगळा पडतो.

नवीन वस्तू मुख्यतः विक्री वाढवते. नवीन पद्धत मुख्यतः खर्च कमी करते, म्हणून नफा वाढवते. विक्रीची नवीन रीत तीच वस्तू नव्या गिऱ्हाईकापर्यंत नेते, पण त्याच्यात पैसा अडकतो. आणि नवीन घडण, म्हणजे काम कोण करणार, मोबदला कसा, मालकी कोणाची, हे बदललं तर धंदा मालकाच्या दोन हातांपेक्षा मोठा होऊ शकतो.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कंपन्यांच्या वाढीचे जे अभ्यास झालेत त्यात हे दिसतं की नवीन काही केल्याचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, बऱ्याच कंपन्यांना थोडाच होतो आणि थोड्या कंपन्यांना भरपूर. म्हणजे शेजारच्या गावात एकानं काही केलं आणि तो वर गेला, म्हणून आपण तेच केलं की आपण पण वर जाऊ, असं गणित मांडू नका. जेवढं नुकसान झालं तरी झोप लागेल तेवढ्याच पैशात पहिला प्रयोग करायचा.

पायरी ३: आधी पद्धत. डाळमिलचा हिशेब मांडून बघू

हा भाग जरा लांब आहे पण खरी कमाई इथंच आहे, म्हणून सोडू नका.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं पीकेव्ही मिनी डाळमिल तयार केली, ती आता विदर्भात बऱ्याच गावांत आहे. कास्तकार आधी तूर कच्ची विकायचा आणि डाळ दुकानातून विकत आणायचा, ती मिल गावातच आल्यावर डाळ गावातच व्हायला लागली. पण मिल तीच असून एकाला १०० किलो तुरीतून जास्त डाळ निघते आणि दुसऱ्याला कमी, कारण फरक मशीनमध्ये कमी आणि पद्धतीत जास्त असतो.

समजा १०० किलो तूर ७,००० रुपयांना घेतली. मजुरी, वीज, पॅकिंग धरून ६०० खर्च. डाळ निघाली ६८ किलो, १२० रुपये किलोनं ८,१६० झाले, चुनी-चुरीचे ३०० आले. एकूण ८,४६०, खर्च ७,६०० वजा केला तर उरले ८६० रुपये. आता पद्धत सुधारून डाळ ७२ किलो निघाली असं धरा. डाळीचे ८,६४०, चुरी कमी झाली म्हणून तिचे २२०, एकूण ८,८६०. खर्च तोच ७,६००. उरले १,२६०. बघा, विक्री ५ टक्के पण वाढली नाही आणि नफा ४६ टक्क्यांनी वाढला! सीझनला २०० क्विंटल करत असाल तर हे ८०,००० रुपये होतात, आणि तेच ८०,००० जुन्या पद्धतीनं नुसती विक्री वाढवून कमवायचे म्हटलं तर आणखी ९३ क्विंटल तूर घ्यावी लागेल, म्हणजे साडेसहा लाखाचा माल, तो कोणाच्या पैशानं आणायचा? (आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या बाजारभावानं स्वतः मांडून बघा, रीत तीच राहील.)

मग ही ४ किलो डाळ येते कुठून? पहिलं म्हणजे चाळण. मोठा आणि बारीक दाणा एकत्र रोलरमध्ये गेला की मोठा फुटतो आणि बारकाचं साल निघतच नाही, म्हणून आकारानुसार वेगळा करून रोलरचं अंतर त्या-त्या लॉटला लावायचं. दुसरं ओल. तूर ओली असली तर साल चिकटून राहते, फार कोरडी असली तर दाणा ठिसूळ होऊन चुरी वाढते. तिसरं तेल-पाणी लावून ढिगात मुरू द्यायचं आणि मग ऊन, ह्याच्यात घाई केली की सगळं वाया. चौथं म्हणजे प्रत्येक लॉटचं वजन आत जाताना आणि बाहेर येताना लिहायचं, कोणाची तूर, कोणत्या गावची, किती डाळ निघाली. हे लिहिल्याशिवाय वरचं काहीच सुधारत नाही कारण काय चुकतंय तेच दिसत नाही. वजनकाटा आणि चाळणी ह्यालाच खर्च, बाकी सगळं फुकट आहे.

मिरची-हळदीवाल्यांनी पण हेच करायचं, कांडायच्या आधीचं वजन आणि नंतरचं. घाणावाल्यांनी दर क्विंटल दाण्याला तेल किती, ढेप किती. पनीरवाल्यांनी दर लिटरला पनीर किती ग्रॅम.

पण पद्धत बदलताना एक गोष्ट मनावर घ्या. मशीननं काम सोपं होतं तसं माणसाचं काम जातं पण. निवडायला बसणाऱ्या चार बाया होत्या, ग्रेडर आला की दोन पुरतात. मग उरलेल्या दोघींचं काय? खर्च कमी झाला म्हणून तुम्ही भाव थोडा कमी केला, माल जास्त खपला, तर त्या दोघींना पॅकिंगला काम मिळतं. सगळी बचत खिशात ठेवली तर नाही मिळत. गावात राहून धंदा करतोय आपण, रोज तेच चेहरे भेटतात, म्हणून हे मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी ठरवायचं, त्या बायांशी बोलून.

पायरी ४: नवीन वस्तू, पण तिच्यामागची पद्धत सापडल्यावरच

दरवर्षी वरूड-मोर्शीकडं संत्र्याचे भाव पडले की कोणी ना कोणी तरुण म्हणतो, आपण ज्यूसचा कारखाना टाकू. विचार चांगला आहे. पण नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळानं कडवट होतो, लिमोनिन नावाच्या घटकामुळं, आणि सोललेलं संत्रं गोड लागतं म्हणून हे आधी कोणाच्या लक्षात येत नाही. कडवटपणा काढायची पद्धत आणि ती चालवायचा खर्च हाताशी असल्याशिवाय ज्यूस ही वस्तू धंदा म्हणून उभीच राहत नाही. म्हणून अशा फळात उतरायच्या आधी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन विचारा.

उलट बाजूचं उदाहरण अमूलचं. हिवाळ्यात म्हशीचं दूध एवढं यायचं की मुंबईला सगळं खपत नव्हतं, आणि म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगायचे. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, १९५५ मध्ये आणंदला कारखाना सुरू झाला. त्याच्यानंतर हिवाळ्यातलं जास्तीचं दूध पण शेतकऱ्याकडून घेता आलं. पद्धत सापडली म्हणून वस्तू झाली आणि वस्तू झाली म्हणून संघ वाढला, दोन्ही प्रकार एकमेकांच्या हातात हात घालून आले की वाढ टिकते.

आणि वस्तू चांगली असून वाढ होत नाही असं पण असतं. टाटा नॅनो घ्या, २००८ मध्ये एक लाखाची गाडी म्हणून दाखवली, २००९ ला बाजारात आली, २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. इंजिनिअरिंग जबरदस्त होतं, पण "सगळ्यात स्वस्त" हा शिक्का बसला आणि पहिली गाडी घेणाऱ्या माणसाला तो शिक्का दारात उभा करायचा नव्हता. रतन टाटांनी पुढं स्वतः मान्य केलं की ती गाडी तशी विकणं चुकलं. आपण पण पाकिटावर "स्वस्त आणि मस्त" छापतो तेव्हा हे आठवा, पाहुण्यांसमोर ते पाकीट ठेवायला घरच्या बाईला कसं वाटेल?

नवीन वस्तू तपासायची सोपी रीत सांगतो. छापील पाकीट, मोठा स्टॉक काही नको. साध्या पिशवीत थोडा माल घेऊन लागोपाठ काही आठवडी बाजारांत बसा, आणि बघा किती लोकांनी घेतला ते नाही, तर घेतलेल्यांपैकी किती लोक परत आले. पहिल्यांदा तर ओळखीचे लोक तोंड पाहून घेतात. सॅम्पल फुकट वाटू नका, दहा रुपये तरी घ्या, म्हणजे खरं मत कळतं. आणि एक तपासणी अजून करा, जी बहुतेक जण करत नाहीत: नवीन वस्तू विकली तेव्हा जुन्याची विक्री घटली का? साधी डाळ घेणारी बाईच आता मसाला लावलेली भाजकी डाळ घेत असेल, तर एकूण वाढ तुम्हाला वाटते तेवढी नाहीये.

पायरी ५: विक्रीची नवीन रीत

१९८३ मध्ये तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी चिक शाम्पू पुडीत विकायला सुरुवात केली, पुडीची कल्पना त्यांच्या वडिलांची होती. रोजंदारीवर जगणारं घर बाटली घेऊ शकत नव्हतं, पुडी घेऊ शकत होतं. आपल्या चटणी-मसाल्याचं पण तसंच आहे, मजुरीचा हप्ता शनिवारी मिळतो अशा घरासाठी ५० ग्रॅमची पुडी आणि नागपूर-पुण्याच्या घरासाठी अर्धा किलोचं पाकीट, माल एकच.

दुसरी रीत म्हणजे गावाचं नाव. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद आणि भिवापुरी मिरची यांना २०१६ मध्ये. पण वर्धा जिल्ह्यात राहतो म्हणून कोणीही पाकिटावर जीआयचं चिन्ह छापू शकत नाही, त्या ठरलेल्या भागातला माल पाहिजे आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी पाहिजे. स्वतःच्या ब्रँडचं नाव वेगळं, त्याचा ट्रेडमार्क वेगळा. सूक्ष्म-लघु उद्योगाला ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, बाकी कंपन्यांना ९,०००, त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, लागते आणि ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, कोणालाही पैसे देऊ नका.

बाहेरच्या बाजारात सगळ्यात मोठा त्रास उधारीचा. आठवडी बाजारात पैसा रोख, मोठ्या दुकानदाराकडं दोन-दोन महिने. विक्री वाढलेली दिसते आणि तूर घ्यायला हातात पैसा नसतो. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर व्याज. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला हा हक्क आहे, बिलावर उद्यम नंबर छापा. दुकानदाराशी भांडायचं नाही, पण पहिल्या ऑर्डरलाच हे शांतपणे सांगून ठेवायचं.

पायरी ६: घडण बदला, जेव्हा तुमचे हात पुरत नाहीत

लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्यात नवीन काय होतं ते बघा. पापड नवीन नव्हता, लाटायची पद्धत नवीन नव्हती. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, आणि नवीन होती ती घडण. पीठ एका ठिकाणी मळायचं, म्हणजे चव आणि क्वालिटी एक राहते, मग ते बहिणींनी घरी नेऊन लाटायचं आणि परत आणून द्यायचं, तिथं तपासणी आणि मजुरी. काम करणारी प्रत्येक बाई मालकीण. कारखान्याला मोठी जागा नको, घर-लेकरं सांभाळून काम, आणि नवीन बाई आली की उत्पादन वाढलं. ही वाढ कुठल्याही मशीननं आली नसती.

आपल्या गटांनी ह्यातून घ्यायचं ते हे, की चव ठरवणारं काम एका जागी ठेवा, हाताचं काम वाटून द्या. मसाला भाजणं आणि मोजणं एका जागी, निवडणं आणि पाकीट भरणं घरोघरी. मजुरी नगावर किंवा किलोवर, आणि नापास माल कोणत्या कारणानं परत जाईल ते भिंतीवर लिहून लावा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात रुसवे सुरू होतात.

कास्तकार एकत्र येणार असतील तर शेतकरी उत्पादक कंपनी हा मार्ग आहे, २००२ मध्ये कंपनी कायद्यात त्याची तरतूद झाली. पण ती हिशेब ठेवणारं माणूस मिळाल्यावरच काढा. कागदावर कंपनी आणि हिशेबाला कोणी नाही, असं असेल तर गट बरा.

पायरी ७: पैसा आणि वीज

अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेऊ नका. आधी पायरी १ ची वही, तिच्यात पायरी ३ ची वजनं पण, आणि त्या वहीतून मशीनची गरज दिसली तर मशीन, आणि मग अनुदान. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये पीएमएफएमई योजना सुरू झाली, त्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे, म्हणजे बँकेनं कर्ज मंजूर केल्याशिवाय पुढचं काही होत नाही. सध्या काय चालू आहे ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

विजेचं आधी बघा. जागेवर थ्री फेज आहे का, लाईन गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या फीडरवर. वावरात शेड टाकलं आणि वीज रात्रीचीच येते, मग मिल चालवायची कधी?

पायरी ८: एका वेळी एकच बदल, आणि वेळेवर

एकाच सीझनमध्ये नवीन मशीन, नवीन पाकीट आणि नवीन बाजार तिन्ही केलं तर फायदा झाला तरी कशानं झाला ते कळत नाही, तोटा झाला तर त्याहून नाही. एक बदल करा, वहीतला तो ठरवलेला आकडा हलला का बघा, मग दुसरा.

डाळमिलवाल्यांसाठी वेळापत्रक असं ठेवता येईल: पावसाळ्यात मिल बंद असते तेव्हा मागच्या वर्षीची वही काढून हिशेब मांडायचा आणि कर्जाचे कागद लावायचे. दसरा-दिवाळीपर्यंत चाळणी, काटा, रोलरची दुरुस्ती. डिसेंबरमध्ये मागची थोडी तूर घेऊन ट्रायल, प्रत्येक लॉटचं वजन लिहून. नवीन तूर जानेवारीत यायला लागते, तेव्हा फक्त चालवायचं, शिकायचं नाही. पाकीट आणि नवीन दुकानदार हे सगळं मार्चनंतर, जेव्हा दर क्विंटलला आपली डाळ किती निघते हे छातीठोकपणे सांगता येईल, कारण दुकानदार पहिला प्रश्न भाव काय हाच विचारतो आणि तो भाव त्याच आकड्यावरून काढायचा असतो.